काळं रक्त म्हणजे शीरच, असं नाही

आयसीयूच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. मुरलेला डॉक्टर मानेतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत टाकायची औषधांची नळी) हाताच्या अंदाजानेच टाकतो, सोनोग्राफी नवख्यांसाठी. रक्ताच्या रंगावरून शीर की धमनी ते कळतं: काळपट म्हणजे शीर, लालभडक म्हणजे धमनी. आणि दर सात दिवसांनी लाइन बदलली की इन्फेक्शन होत नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. हे तिन्ही दावे पेशंटच्या जिवावर बेतू शकतात.

अनुभवाने हात बसतो, पण बोटांना आतलं दिसत नाही. मानेतली शीर धमनीच्या बाहेरच्या अंगाला असते हे पुस्तकातलं. कुणाची ती धमनीच्या अगदी वर असते, कुणाची गुठळीने बंद. सोनोग्राफीचा प्रोब (मानेवर टेकवायचा भाग) हलकेच दाबला की शीर चपटी होते, धमनी गोलच राहते. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यानुसार, मानेत लाइन टाकताना सोनोग्राफी वापरल्यावर चुकून धमनीत सुई जाण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं.

रंगाचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. लाइन लागते ती बहुधा शॉकमधल्या पेशंटला. बीपी पडलेलं, ऑक्सिजन कमी. अशा वेळी धमनीतलं रक्तही काळपट येतं आणि उसळत नाही. एकदा माझ्या सिरिंजमध्ये असंच काळं रक्त आलं. सगळे म्हणाले, शीरच आहे. गाइडवायर (लाइनला वाट दाखवणारी बारीक तार) सरकवून प्रोब ठेवला, तर वायर धमनीत! वायर काढली, दहा मिनिटं मान दाबून धरली, निभावलं. त्यावरून डायलेटर (वाट रुंद करणारी जाड नळी) गेला असता तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे धाव घ्यावी लागली असती. म्हणून डायलेटरआधी वायर शिरेतच आहे ना, हे आडव्या आणि उभ्या दोन्ही छेदांत, खालपर्यंत बघायचं. अर्धं मिनिट लागतं.

छोट्या गावात पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालच्या नोंदणीमुळे मशीन आयसीयूत आणणं जिकिरीचं आहे, हे मान्य. पण ती अडचण आहे, मशीन न वापरण्याचं समर्थन नव्हे.

उरलं सात दिवसांचं. चालू लाइन तारखेवर बदलू नये. प्रत्येक नवी टोचणी म्हणजे नवा धोका. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या 103 आयसीयूंनी हात धुणं, पूर्ण निर्जंतुक चादर-गाऊन, त्वचेला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, जांघेतली जागा टाळणं आणि नको असलेली लाइन काढणं एवढंच नेमाने केलं. दर हजार लाइन-दिवसांमागे (एक लाइन एक दिवस राहिली की एक लाइन-दिवस) 7.7 असलेलं रक्तातल्या इन्फेक्शनचं सरासरी प्रमाण दीड वर्षात 1.4 वर आलं. हे 2006 साली प्रसिद्ध झालं. नातेवाइकांनी राउंडला रोज विचारावं, ‘डॉक्टर, ही लाइन अजून लागतेय का?’