सैनिकपत्नींना विचारा, पण पत्र घरी पाठवा

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ऑगस्ट २०१० मध्ये सैनिकांच्या सुमारे दीड लाख पत्नींना आणि पतींना एक प्रश्नावली पाठवली होती. समलिंगी व्यक्तीला सैन्यात राहायचे असेल तर तिने आपली ओळख लपवून ठेवावी, हा तिथला १९९३ चा कायदा रद्द होण्याच्या बेतात होता आणि त्याचा सैनिकांच्या कुटुंबांवर काय परिणाम होईल, हे खात्याला जाणून घ्यायचे होते. चव्वेचाळीस हजारांहून अधिक उत्तरे आली. कायदा बदलल्यास जोडीदाराने नोकरीत राहावे की नाही याबद्दलचे आपले मत बदलणार नाही, असे ७४ टक्के जणांनी सांगितले. जोडीदाराने लवकर बाहेर पडावे असे वाटेल, असे म्हणणारे १२ टक्के होते. ३० नोव्हेंबरला अहवाल जाहीर झाला, २२ डिसेंबरला कायदा रद्द करण्याच्या विधेयकावर ओबामांची सही झाली आणि २० सप्टेंबर २०११ पासून बदल प्रत्यक्षात आला.

मी स्वतः सैनिकपत्नी आहे, त्यामुळे या प्रश्नावलीतला एक प्रश्न मला खटकतो आणि दुसरा फार मोलाचा वाटतो. छावणीतल्या वसाहतीत शेजारी समलिंगी जोडपे राहायला आले तर तुम्ही काय कराल, हे विचारण्याचे काहीच कारण नव्हते. आमच्या फॅमिली क्वार्टरमध्ये शेजार कोणाचा हवा, हे आम्हाला कोणी विचारत नाही आणि विचारूही नये. ज्याला जे क्वार्टर मिळेल तिथे तो राहतो आणि चार दिवसांत एकमेकांकडे विरजण मागायला जाणे सुरू होते. एखाद्याचा हक्क शेजारणीच्या आवडीनिवडीवर ठरवायचा नसतो. हे सर्वेक्षण म्हणजे सार्वमत नव्हे, असे खात्यानेही स्पष्ट केले होते. गंमत अशी की ज्यांच्या आयुष्यात खरा फरक पडणार होता, त्या समलिंगी सैनिकांच्या जोडीदारांना ही प्रश्नावली मिळालीच नाही, कारण सरकारदरबारी ते जोडीदार नव्हतेच. मात्र ‘जोडीदाराने नोकरीत राहावे असे तुम्हाला वाटते का’, हे घरच्या माणसालाच विचारायला हवे होते. पंधरा वर्षांची नोकरी झाल्यावर पेन्शन घेऊन गावी यायचे की पुढे राहायचे, हा निर्णय सातारा-कोल्हापूरकडच्या कोणत्याही फौजी घरात एकट्या जवानाचा नसतो.

हे सगळे आठवण्याचे कारण आपल्याकडचे आहे. सैनिकाच्या मृत्यूनंतर मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन पत्नी आणि आईवडील यांच्यात विभागून द्यावे, असा प्रस्ताव विचाराधीन असल्याचे केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. त्यावर वाहिन्यांवर चर्चा झाल्या, निवृत्त अधिकारी बोलले, गावोगावच्या कट्ट्यांवर ‘सून पैसे घेऊन माहेरी गेली’ याचे किस्से रंगले. ज्या आईबापांनी मुलगा गमावला आणि ज्यांच्या हातात काहीच उरले नाही, त्यांचे दुःख खोटे नाही आणि त्यांची सोय झालीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु तो पैसा पत्नीच्या वाट्यातून काढायचा की सरकारने वेगळा द्यायचा, हा प्रश्न तिला न विचारता निकालात काढणे मला मान्य नाही.

तिला न विचारता नियम केल्याने काय होते, याचे एक उदाहरण फार जुने नाही. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता वीरपत्नीने पुनर्विवाह केल्यास बंद होत असे, मात्र तिने दिराशी लग्न केले तर तो चालू राही. ही अट २०१७ मध्ये काढली गेली. विशीतल्या एखाद्या विधवेला आधीच विचारले असते, तर ही अट कागदावर उतरलीच नसती.

आता विचारायचेच झाले तर ते वेल्फेअर मीटमध्ये, म्हणजे युनिटमधल्या बायकांच्या बैठकीत, विचारू नये. तिथे समोरच्या रांगेत सीओसाहेबांच्या, म्हणजे युनिटच्या प्रमुख अधिकाऱ्याच्या, मॅडम बसलेल्या असतात, कागद फिरवला जातो आणि ‘काही अडचण आहे का’ याखाली सगळ्याजणी ‘नाही’ लिहून सही करतात, कारण आपण काही लिहिले तर ते नवऱ्याच्या तुकडीपर्यंत पोहोचेल, ही धास्ती प्रत्येकीला असते. शिवाय अर्ध्याअधिक बायका युनिटबरोबर नसतातच. त्या गावी सासूसासऱ्यांजवळ राहतात आणि या प्रस्तावाचा खरा प्रश्न त्याच घरातला आहे. तेव्हा प्रश्नावली मराठीत, नाव आणि नवऱ्याचा आर्मी नंबर न विचारता, थेट घरच्या पत्त्यावर पाठवावी. वीरपत्नींना ती स्वतंत्रपणे पाठवावी आणि आईवडिलांसाठी वेगळी काढावी, म्हणजे सुनेचे उत्तर सासऱ्यांनी भरून दिले असे होणार नाही. परत पाठवायचा लिफाफा सोबत, तिकीट लावलेला असावा आणि त्यावर युनिटचा किंवा जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता नसावा.