मृगापासून उलटं मोजता येतं का?

गावातलं काम ज्याच्या हाती द्यायचं, त्याची डिग्री मागाहून विचारा राजेहो. आधी विचारा, मृगापासून उलटे दिवस मोजता येतात का?

नाल्याचं पाणी अडवायला घालतात, त्या सिमेंट नाला बांधाचंच घ्या. ७ जूनच्या आसपास मृग लागतो. काँक्रीटला निदान १४ दिवस तराई, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, पाहिजे, म्हणजे शेवटचा थर २४ मेच्या आत. अवकाळीसाठी आठ-दहा दिवस हाताशी ठेवले की आलो १५ मेवर. पण गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे तेव्हा तेंदूपत्ता, म्हणजे विडीच्या पानांची तोडणी, असते. मजूर पहाटेच जंगलात जातो, आणि त्यानं जावंच, रोख पैशाचा हंगाम आहे तो. म्हणून काँक्रीट एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकायचं, पाया मार्चमध्ये खोदायचा. मार्चएंडच्या धांदलीत कार्यालयात फाइल हलत नाही, तेव्हा कार्यारंभ आदेश फेब्रुवारीतच हाती हवा. हा हिशोब चुकला की कच्चा बांध पहिल्याच पुराच्या तोंडी जातो.

दुसरी गोष्ट, मिक्सरजवळ उभं राहणं. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी लागतं. ऊन चढलं की माल घट्ट होतो, ओढायला जड जातो, मग कोणीतरी वरून एक बादली ओततो. माल सरसर पसरतो खरा, पण ते जास्तीचं पाणी उडून गेल्यावर आत बारीक छिद्रं राहतात. ताकद घटते, बांध झिरपतो. ओरडून हे थांबत नाही. काम सकाळी सहा ते दहा घ्या, गिट्टी आदल्या संध्याकाळी भिजवा, खूण केलेली बादली ठेवा आणि पाणी एकाच माणसाच्या हाती द्या. तराईला ओला बारदाना. विहिरी तोवर तळाला गेलेल्या असतात, म्हणून टँकरचा खर्च सुरुवातीलाच धरा. बहुतेक ठिकाणी हाच विसरतात.

पाया कठीण थरापर्यंत गेला का, बांधाची दोन्ही टोकं काठात पुरेशी शिरली का, हे बुजवण्याआधी मोजून मोजमाप पुस्तिकेत चढवा. टोक अपुरं असलं की पाणी बगल फोडून जातं आणि बांध कोरडा उभा राहतो.

आणि बोलणं. वरच्या बाजूला ज्याच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, पाणी चढणार, त्याच्याशी पहिली कुदळ पडण्याआधी बोला. मजुरीचे पैसे लांबणार हे कळलं, की त्याच संध्याकाळी मेटला, म्हणजे मजुरांच्या मुकादमाला, सांगा. बाजाराच्या दिवशी कळलं तर दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं कामावर येत नाहीत.