‘८० अंशांना प्रोसेसर जळतो’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

ऊन तापायला लागलं की नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. ‘ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांनो सावधान’ (म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणाऱ्यांनो) अशी त्याची सुरुवात असते आणि खाली पाच गोष्टी ठणकावून सांगितलेल्या असतात. ८० अंशांच्या वर प्रोसेसर जळतो. कॅबिनेटचं झाकण काढून समोर एअर कूलर लावा. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट भरपूर लावा आणि दर ३ महिन्यांनी बदला. लिक्विड कूलर घेतला की उन्हाळ्याची चिंता मिटली. आणि तापमान कमी असेल तर व्होल्टेज हवं तेवढं वाढवा. हा मेसेज मला यंदा चार ठिकाणांहून आला. त्यातला एक इंदिरानगरच्या भाच्याकडून, आणि त्यानं तो अमलातही आणला होता. म्हणून हे लिहितोय.

पहिलं, ८० अंशांचं. इंटेलच्या बहुतेक अलीकडच्या कोअर डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्सची ९५. रायझन ७००० मालिकेतले वरचे मॉडेल तर पूर्ण कामाला लावले की ९५ पर्यंत जातील अशाच हिशेबानं बनवलेत. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर मशीन बंद होतं. म्हणजे ८० दिसले म्हणून घाबरून प्लग ओढायचं कारण नाही. ९५ ला टेकून वेग पडत असेल तर मात्र तुमचं ओव्हरक्लॉकिंग वाया चाललंय, ते बघायला हवं.

खरं तर नुसता आकडा बघण्यातच चूक आहे. प्रोसेसरवरचा फॅनवाला कूलर त्याची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो, त्यामुळे खोली जितकी तापेल जवळपास तितकंच प्रोसेसरचं तापमान वर सरकतं. मी सिडकोत वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर गच्चीचा स्लॅब. जानेवारीत सकाळी खोलीत २० अंश असताना सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी चाचणी) चालवलं तेव्हा प्रोसेसर ६२ वर थांबला. मे महिन्यात दुपारी साडेतीनला, स्लॅब भट्टीसारखा तापलेला, खोलीत ३५. तेच मशीन, तीच सेटिंग, आणि प्रोसेसर ७८ वर. प्रोसेसर आणि खोली यांतला फरक आधी ४२ होता, नंतर ४३. कूलर जसाच्या तसा काम करत होता, बदलला होता तो नाशिकचा ऋतू. म्हणून टेबलावर एक साधा थर्मामीटर ठेवा आणि हा फरक वहीत लिहा. तो वाढायला लागला तर काहीतरी बिघडलंय.

झाकण काढायचं म्हणाल, तर काढल्यावर तापमान पाच-सात अंशांनी उतरलं याचा अर्थ बहुधा पुढची जाळी धुळीनं बुजलीय. सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी रस्ते खोदलेत, खिडकी तासभर उघडी राहिली तरी टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. झाकण काढलं की तीच धूळ हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या, पात्यांत जाऊन बसते. जाळी काढा, ब्रशनं झाडा, झाकण परत लावा.

एअर कूलरच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे, म्हणून जास्त फसवतो. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं कूलरची हवा गार होते, आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा कोरडी असल्यानं तो छान चालतो. खिडकी उघडी ठेवून खोली गार करा, प्रोसेसरलाही तितकाच फायदा होईल. पण त्याचं तोंड उघड्या कॅबिनेटकडे करू नका. हवेबरोबर बारीक थेंब उडतात. पाणी बोअरचं असेल तर बादलीवर जे पांढरे डाग पडतात तेच मदरबोर्डवर पडतील.

आता पेस्ट. भाचा मशीन घेऊन आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, “मामा, मी फक्त पेस्टच बदलत होतो.” त्यानं थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला होता. त्याच्या मदरबोर्डवर एएमडीचं एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खाच, त्यात पिना प्रोसेसरलाच असतात, आणि घट्ट झालेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटूनच बाहेर आला. कोपऱ्यातल्या चार पिना आडव्या झालेल्या. वर मेसेजप्रमाणे ‘भरपूर’ लावलेली नवी पेस्ट कडेनं ओघळून पिनांमध्ये शिरलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं साफ करायला दीड तास लागला. मग लीडच्या पेन्सिलीचं रिकामं धातूचं टोक एकेका पिनेवर चढवून, केसभर केसभर हलवत चारही सरळ केल्या. एकही तुटली नाही, हे नशीब.

तांब्याची उष्णतावाहकता (वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये) ४०० च्या आसपास असते, चांगल्या पेस्टची १५ च्याही आत, हवेची ०.०२६. दोन धातूंमधल्या न दिसणाऱ्या फटींतली हवा हुसकावणं एवढंच पेस्टचं काम. थर जाड झाला की तीच आडवी येते. मधोमध वाटाण्याएवढी पुरे, आणि चांगली पेस्ट काही वर्षं टिकते. वहीतला फरक आठ-दहा अंशांनी वाढला, धूळही काढून झाली, तेव्हाच कूलर उघडा. त्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, मशीन बंद करा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवा.

लिक्विड कूलरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तोही शेवटी उष्णता त्याच खोलीत टाकतो, खोलीपेक्षा गार काही करू शकत नाही.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत घातक. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ४.४ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवरून ४.७ गिगाहर्ट्झ १.४० व्होल्टवर नेलं तर वेग मिळतो ७ टक्के आणि उष्णता वाढते सुमारे ४५ टक्के. आणि तापमान आटोक्यात असलं तरी जास्त व्होल्टेज प्रोसेसरला आतून झिजवतं. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत काय झालं ते आठवा. ज्यांनी कुठली सेटिंग बदलली नव्हती त्यांचीही मशीनं बंद पडत होती. २०२४ मध्ये इंटेलनं मान्य केलं की सदोष मायक्रोकोडमुळे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमुळे) प्रोसेसरला प्रमाणाबाहेर व्होल्टेज जात होतं. दुरुस्ती आली, वॉरंटी २ वर्षांनी वाढली, पण आधीच झिजलेले प्रोसेसर त्या दुरुस्तीनं बरे झाले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी रायझन ७८००एक्स३डी सॉकेटसकट जळल्याचे फोटो आले, तेव्हा एएमडीला एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरच्या कोअरखेरीजच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. इतकं होऊनही कुणी पोरांना ‘हवं तेवढं वाढवा’ सांगतं, याचा मला मनापासून राग येतो.

भाच्याच्या बायोसमधले (मदरबोर्डच्या सेटिंगमधले) १.४० व्होल्ट मी काढून टाकले. तिथल्याच कर्व्ह ऑप्टिमायझर या सेटिंगमध्ये प्रोसेसरच्या सगळ्या कोअरना उणे १५ दिलं, म्हणजे त्याच वेगाला थोडं कमी व्होल्टेज. रात्रभर टेस्ट लावून ठेवली, एकही एरर नाही. परवा दुपारी त्यानं वहीचा फोटो पाठवला. खोली ३६, प्रोसेसर ७४, आणि पुढे त्याच्या अक्षरात: फरक ३८.