चिठ्ठी नाही? मग गोळी पण नाही!

मेडिकलच्या काउंटरवर दर तासाला तेच, "दादा ती सेफिक्झिम द्या ना, मागच्या वेळी घेतली होती, लगेच बरं वाटलं होतं" आणि वर फोनमधला रिकाम्या स्ट्रिपचा फोटो. अहो पण ते अँटिबायोटिक आहे, शेड्यूल एच१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीतलं, २०१४ पासून नियम आहे, चिठ्ठी पाहिजे म्हणजे पाहिजे, शिवाय वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव पत्ता, औषध किती दिलं सगळं लिहायचं आणि ते ३ वर्षं सांभाळायचं. स्ट्रिपवर लाल चौकटीत स्पष्ट छापलंय, पण वाचतो कोण! नाही म्हटलं की "समोरचा तर देतो". हो देतो ना, तेच तर दुखणंय, तो देतो म्हणून मी आडमुठा ठरतो. अल्प्राझोलमवाले, म्हणजे चिंता-झोपेची ती गोळी मागणारे, तर भांडायलाच येतात. आणि डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी अक्षर असं की नोंदवायचं काय ते देवालाच ठाऊक, फोन केला तर "पेशंट बघतायत". उद्या औषध निरीक्षक तपासणीला आले की मात्र रजिस्टरमधल्या कोऱ्या रकान्याचा जाब मला विचारणार, समोरच्याला नाही, त्या डॉक्टरला तर नाहीच नाही.