पंचायत समितीसमोरचा दगड आणि सतरा सप्टेंबर

सप्टेंबर लागला की एक मेसेज गटागटांतून फिरतो. त्याचा आशय असा: तालुक्याच्या पंचायत समितीसमोर जो स्तंभ आहे त्यावर ‘स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी’ असं कोरलंय, साल 1972. म्हणजे आपणही 1947 लाच स्वतंत्र झालो. 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हे पुढाऱ्यांनी काढलेलं खूळ. निजामाला लष्करानं चार दिवसांत गुंडाळलं, गावच्यांनी काय केलं? बँक लुटणारे हुतात्म्यांच्या पंगतीला बसले. आणि शेवटी, सगळा मामला हिंदू-मुसलमानांचाच होता.

आधी दगडाचं. असे स्तंभ रौप्यमहोत्सवात देशभरातल्या विकासगटांत उभे राहिले, मजकूरही साधारण एकाच छापाचा. त्यावरची पंचवीस वर्षं देशाची आहेत, आपल्या तालुक्याची नाहीत. ऑगस्ट 1947 मध्ये औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. भारतात जाणार नाही, पाकिस्तानातही नाही, हे निजामानं जूनमध्येच जाहीर केलं होतं. 29 नोव्हेंबरला भारताशी झालेला ‘जैसे थे’ करार एका वर्षाचा होता. 15 ऑगस्टला देश झेंडावंदन करत होता तेव्हा इकडं तिरंगा लावणं हा गुन्हा होता. त्याच दिवशी हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. स्वतंत्र मुलखात असं होत नसतं. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून वय सांगताना ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा’ म्हणतात, म्हणजे 1948 च्या लष्करी कारवाईच्या आधीचा; ती काही मेसेज वाचून नव्हे.

बाकी, मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी तो दगड एकदा जवळ जाऊन बघावा. दर वर्षी सोळा तारखेला घाईघाईनं ऑइल पेंट फासला जातो. रंगाचे इतके थर चढलेत की कोरलेली अक्षरं बुजत चाललीत. काना दिसतो, मात्रा गेलेली असते. खालच्या ओळींतली नावं बोटानं चाचपून वाचावी लागतात, आणि चौथऱ्याच्या जाळीला कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला असतो. दगडावर आक्षेप घ्यायचाच असेल तर तो इथं घ्या.

लष्कराचं म्हणणं अर्धं खरं आहे. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून फौजा निघाल्या, पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल हाती आला आणि 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. फौजेशिवाय ते झालं नसतं, हे मान्य. पण लढा त्या दिवशी सुरू झाला नव्हता. स्टेट काँग्रेसवर 1938 मध्ये ती नीट स्थापन व्हायच्या आतच बंदी आली, आणि सत्याग्रही तुरुंगात गेले. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातल्या आणि उस्मानिया विद्यापीठातल्या पोरांना काढून टाकलं. ती नागपूरला जाऊन शिकली. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले ते 1946 साली. पुढं पैनगंगेपलीकडं उमरखेडला, शिवाय बार्शी, मनमाड अशा हद्दीबाहेरच्या ठिकाणी कॅम्प उभे राहिले. तिथली पोरं रात्री हद्द ओलांडून नाकी आणि चौक्या उडवत होती. काही केलं नाही म्हणणाऱ्यांनी या काळात कोण कुठं मेलं ते तरी विचारावं.

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर फार बोलायला नको. 30 जानेवारी 1948 ला, म्हणजे गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, स्टेट काँग्रेसच्या माणसांनी ती लुटली, सुमारे वीस लाख रुपये नेले. बँक हैदराबाद स्टेट बँक, म्हणजे निजाम सरकारची. पैसा लढ्याला गेला. याला दरोडा म्हणायचं तर काकोरीलाही म्हणा.

आता हिंदू-मुसलमान. रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना; तिचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. त्याच्या माणसांनी गावं जाळली, आणि मार खाल्लेल्यांत बहुतेक हिंदू होते, यात शंका नाही. पण रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूनं लिहितो म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर ज्याला मारलं तो ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान होता. आणि निजामाच्या शेवटच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान पिंगल वेंकटराम रेड्डी होते. नावांवरून बाजू लावता येत नाही.

मेसेजवाले जिथं बोट ठेवू शकले असते ती जागा मात्र त्यांनी सोडली. पोलीस अ‍ॅक्शननंतर संस्थानात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. मेलेल्यांत शेतकरी होते, विणकर होते, रझाकारीशी काडीचा संबंध नसलेली माणसं होती. आमच्याकडच्या रस्त्याकडेच्या कुठल्याच स्तंभावर मी त्यांतलं एकही नाव वाचलेलं नाही. पुढच्या सप्टेंबरला दगडांवर मेसेज लिहायचाच असेल तर यावर लिहा.