चोवीस घोड्यांत आणखी सहा घोडे कसे कोंबावेत

तर तुमच्याकडे २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे. घेताना तुम्हीच म्हणाला होतात की बाबा द्राक्षाच्या बागेत मंडपाखालून गेला पाहिजे, ९ फुटी ओळीत वळला पाहिजे, घडाला धक्का लागला नाही पाहिजे, बाकी काय नको. शोरूममध्ये खिशातून टेप काढून रुंदी मोजली होतीत, आठवतंय ना. आता तीन वर्षं झाली, बाग सोडून उरलेल्या दोन एकरात कांदा आहे, तो ट्रॉलीत भरून लासलगावला न्यायचाय, रोटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारं फिरत्या पात्यांचं अवजार, मारायचाय, आणि शेजाऱ्याचा ४५ चा मोठा ट्रॅक्टर बांधावरून जातो तेव्हा त्यावर बसलेलं ते बारकं पोरगं तुमच्याकडे असं बघतं की जसं काय तुम्ही तीनचाकी सायकलवर बसलाय. हे सहन करायचं नसतं. ट्रॅक्टर कमी पडतोय ना, मग ट्रॅक्टर वाढवायचा. कसा ते सांगतो, अनुभवाचं सांगतो, आमच्या दाजींनी केलंय आणि टॉर्च मी धरली होती.

सगळ्यात पहिलं म्हणजे काहीही तपासायचं नाही. एअर फिल्टर उघडून बघायचा मोह होईल, उघडू नका. त्यातल्या धूळ पकडणाऱ्या तेलाच्या वाटीत खाली काळ्या मातीचा दोन बोटं गाळ बसलाय, इंजिन नाक दाबल्यासारखं श्वास घेतंय, पण ते साफ केलं आणि ट्रॅक्टर नीट ओढायला लागला तर पुढची सगळी मजा गेली. डिझेल फिल्टर कधी बदलला होता हे आठवायचा प्रयत्न करू नका. नोजल चेक करणं, टॅपेट सेट करणं, रोटरची पाती झिजून चमच्यासारखी झालीत ती बदलणं, ही सगळी भित्र्या माणसांची कामं. त्यात हजार-दोन हजारात भागतं आणि पारावर सांगण्यासारखं काही उरत नाही. एक गिअर खाली टाकून हळू चालवणं तर विसराच, ती काय मर्दानगी आहे का.

आणि शेजाऱ्याचा रोटर तुम्हाला बसत का नाही हा प्रश्न तर मनात आणूच नका. तो ५ फुटी आहे, तुमच्या ट्रॅक्टरला ४ फुटी लागतो, आणि वर त्या २४ मधले सगळे घोडे काही मागच्या पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टला, पोहोचत नाहीत, दोन-चार वाटेतच पळून जातात. माहितीपत्रकात पीटीओ एचपी वेगळा छापलेला असतो. पण माहितीपत्रक वाचून कोणी ट्रॅक्टर घेतलाय का आजपर्यंत? आपण बोनेटवरचा आकडा बघतो, आणि उन्हात तो स्टिकर उडाला की मनातला.

आता मुख्य काम. बोनेट उघडा, डाव्या-उजव्या कुठल्या तरी बाजूला डिझेल पंप दिसेल. त्याच्यावर एक छोटा स्क्रू, त्याला लॉकनट, आणि त्यातून तार ओवून शिशाचं सील दाबलेलं असतं. जास्तीत जास्त किती डिझेल जायचं ते या स्क्रूवर ठरतं. कंपनीने टेस्ट बेंचवर लावून ठरवलं आणि सील केलं, म्हणजे कंपनीला काहीतरी लपवायचंय हे उघड आहे. दाजींचं म्हणणं हेच होतं. "अरे तेच इंजिन आहे, त्यांनी मुद्दाम कमी करून ठेवलंय, वरचं मॉडेल खपावं म्हणून." आता यात थोडं तथ्य आहे बरं का, एकच ब्लॉक दोन-तीन एचपीत विकायची पद्धत सगळ्या जगात आहे. फक्त वरच्या मॉडेलला रेडिएटर मोठा असतो का, क्लच प्लेट मोठी असते का, पिस्टन तेच असतात का, हे विचारायचं नसतं. विचारलं की दाजींचा चेहरा उतरतो, आणि जावयाला नाराज करायचं नाही अशी आमच्याकडे पद्धत आहे.

तर पकडीने सील तोडायचं. टक्क असा बारीक आवाज येतो, अगदी समाधानाचा. वॉरंटी जाताना असाच आवाज करते. मग पान्याने लॉकनट ढिला आणि स्क्रू पाव आटा. पाव आट्यात फरक कळला नाही म्हणून अजून पाव. मग फिटर म्हणतो थांबा आता, तेव्हा अजून पाव.

स्टार्ट मारा. काय गर्जना! आणि सायलेन्सरमधून काळाभोर धूर. गावातली चार माणसं गोळा होतात आणि म्हणतात, आता ताकद दिसतेय. एवढंच लक्षात ठेवा की तो धूर म्हणजे तुम्ही पंपावरून पैसे मोजून आणलेलं डिझेल आहे, न जळता बाहेर चाललेलं. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला कमीत कमी १० हजार लिटर हवा लागते. म्हणजे उन्हाळ्यात गावात पाण्याचा तो मोठा टँकर येतो ना, तो एक टँकर भरून हवा, एका लिटरला, आणि तीसुद्धा हिशोबापुरती, इंजिनला बिनधुराचं चालायचं तर याहून बरीच जास्त. तुम्ही स्क्रू फिरवून डिझेल वाढवलंत, हवा वाढवायचा स्क्रू मात्र कुठेच नाही. सिलिंडर तेवढाच, फिल्टरमधला गाळ तेवढाच. पण धुराला एक फायदा आहे, रात्री चालवलात तरी सकाळी कुठून कुठे गेलात ते द्राक्षाच्या पानांवर काळ्या अक्षरात लिहिलेलं असतं. बहिणीने दोरीवर वाळत घातलेल्या दाजींच्या पांढऱ्या शर्टावर पण लिहिलं होतं. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

आता उष्णतेचं. डिझेल इंजिनात जे जळतं त्याचा मोटामोटी एक तृतीयांश भाग शाफ्टला मिळतो, एक तृतीयांश रेडिएटरच्या पाण्यात जातो आणि उरलेला सायलेन्सरमधून हवेत. म्हणजे तुम्ही ६ घोडे वाढवायला गेलात की एकूण १८ घोडे गोठ्यात येतात. ६ तुमचे, ६ रेडिएटरचे, ६ सायलेन्सरचे, आणि चारा सगळ्यांना तुम्हीच घालायचा. रेडिएटर २४ च्या हिशोबाने बनवलेला, त्याच्या जाळीत द्राक्षाची वाळकी पानं आणि धूळ बसून तो आधीच अर्धा झालेला. टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याकडे जाईल. उपाय सोपा आहे, काट्यावर डिलरने दिलेलं गणपतीचं स्टिकर लावा. आमच्याकडे लावायचीही गरज पडली नाही, काटा गेल्या वर्षीच बंद पडला होता.

काही हुशार लोक म्हणतील, हवा कमी पडते ना, मग टर्बो लावा, म्हणजे सायलेन्सरच्या धुरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. वा. भंगार बाजारात जुन्या जीपचा टर्बो मिळतो, थोडी वेल्डिंग केली की झालं. फक्त तुमचं इंजिन साधारण ११०० सीसीचं, २६०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २६०० फेऱ्यांना, मिनिटाला चौदाशे-पंधराशे लिटर हवा ओढणारं, आणि तो टर्बो अडीच लिटरच्या इंजिनचा, ज्याला निदान तिप्पट धूर मिळायची सवय. त्याचं पातं फिरेल, नाही असं नाही, देवळातल्या पंख्याइतकं फिरेल. टर्बोला काम करायचं तर लाखभर आरपीएमने फिरावं लागतं, त्याला ऑइलची वेगळी लाइन लागते. म्हणजे तुम्ही सायलेन्सरच्या तोंडात एक महागडा बोळा कोंबलात. दिसतो मात्र छान. बोनेटला भोक पाडून थोडा बाहेर काढला तर अजून छान.

ते जमत नसेल तर गव्हर्नरची, म्हणजे इंजिनचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग ताणा आणि आरपीएम वाढवा, २६०० चे ३००० करा. पीटीओ ५४० च्या जागी ६२० च्या वर फिरेल, औषध फवारायच्या ब्लोअरचा पंखा विमानासारखा वाजेल, औषध आपल्या बागेवर कमी आणि पलीकडच्यांच्या वांग्यावर जास्त पडेल. पिस्टन-कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १५ टक्के आरपीएमला ताण ३३ टक्के, पण शाळेत वर्ग-वर्गमूळ आपण कधी मनावर घेतलं होतं का, मग आता कशाला.

समजा सगळं जमलं. खरोखर ३० एचपी झाला. आता हे घोडे जमिनीपर्यंत पोचवायचेत, आणि ट्रॅक्टर आहे सात-आठशे किलोचा. ढेकळात चाक जागेवर फिरायला लागतं, टायर माती उकरतो आणि ट्रॅक्टर हळूहळू स्वतःची कबर खणत खाली बसतो. टायरमध्ये पाणी भरा, वजनं लावा असं कोणीतरी म्हणेल, त्याला गप्प करा, पाणी फुकट मिळतं, फुकटच्या उपायात काय अर्थ. आणि कधी चाकाने पकडलंच तर पुढची दोन चाकं हवेत जातील. त्याचा फोटो काढायला माणूस बाजूला उभा ठेवा, मागे नको.

कांद्याची ट्रॉली तर मला फार आवडते. ३० एचपीने तुम्ही चार टन ओढून चढावर नेलंत, शाब्बास. आता उतार. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, ट्रॅक्टरला आहेत ते २४ वाल्याचेच आहेत, आणि पंपावर ब्रेक वाढवायचा स्क्रू कंपनीने दिलेला नाही. मागची ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला ढकलते, कोण कोणाला नेतंय ते समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याने ठरवायचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या गाडीत असले बदल करू नयेत म्हणून, आणि विमावाल्यांना हे कलम तोंडपाठ असतं, नेमकं क्लेमच्या दिवशीच आठवतं.

दाजींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिले पंधरा दिवस राजासारखे गेले. ५ फुटी रोटर लावून त्यांनी कांद्याचं रान केलं, अख्ख्या वस्तीला बघायला बोलावलं, मी पेढे नेले होते. मग ऑक्टोबर छाटणी होऊन पस्तीसेक दिवस झाले, घड फुलोऱ्याला आलेले, त्यात तीन दिवस पाऊस, सगळीकडे डाऊनी या बुरशीरोगाची बोंब. म्हणजे वर्षातला असा आठवडा की ज्यात बायको माहेरी गेली तरी चालते पण ब्लोअर बंद पडून चालत नाही. सकाळी सहाला ६०० लिटरची टाकी भरून बागेत शिरले, चौथ्या ओळीत पांढरी वाफ. पांढरी बरं का, काळा धूर अचानक गायब. दाजी खूश झाले, म्हणाले बघ, धूर साफ झाला.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं पॅकिंग, गेलं होतं. फिटरने ऑइलची पट्टी ओढून बाहेर काढली तर पट्टीवर चहा. अक्षरशः जास्त दुधाचा चहा, रंगाने पण आणि फेसाने पण. त्याने ती पट्टी दाजींच्या नाकासमोर धरली आणि काहीच बोलला नाही, फक्त पुसून परत आत घातली. मी आयुष्यात इतका मोठा अपमान इतक्या शांतपणे झालेला बघितला नाही. हेड वाकलं होतं ते फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवायचं, एका पिस्टनचं डोकं वितळून खड्डा पडलेला, रिंगा चिकटलेल्या, आणि इंजिन खोललंच आहे तर क्लच प्लेट पण बघून घेऊ म्हणाला, ती जळून काळी झाली होती. इंजिन बांधायला जो आकडा सांगितला तेवढ्यात ४ फुटी नवीन रोटर आला असता आणि वर्षभर तासावर मोठा ट्रॅक्टर लावून नांगरट झाली असती. हा हिशोब दाजींना कोणी सांगितलेला नाही, बहीण सोडून. ती रोज सांगते.

आता मंडपाखालून तो ट्रॅक्टर बाहेर कसा काढायचा हा प्रश्न. चौथी ओळ, मागे भरलेली टाकी, खाली चिखल. टाकी तिथेच सोडून द्यावी लागली, तीन हजारांचं औषध पहिल्या दहा झाडांच्या बुडाशी गेलं, त्या झाडांना अजून डाऊनी आलेला नाही. मग माणसं लावून ढकलत बांधापर्यंत आणला आणि तिथून शेजाऱ्याच्या ४५ ला दोर बांधला. चालवायला तेच बारकं पोरगं. दाजी मिनीवर स्टेअरिंग धरून ताठ बसलेले, नजर सरळ समोर, गळ्यात टॉवेल, आणि अशी ही वरात भर बाजाराच्या दिवशी पिंपळगावच्या रस्त्याने गॅरेजकडे निघाली.

म्हणून शेवटची टीप देतो, ती लिहून ठेवा, उपयोगी पडेल. चौकात सिग्नलपाशी कोणीतरी एक म्हातारा हमखास उभा असतो आणि तो हमखास विचारतो, "किती एचपीचा आहे हो?" तेव्हा मान खाली घालायची नाही. दोर ताणलेला आहे का एकदा बघायचं, आणि दाजींनी सांगितलं तसंच सांगायचं.

"सध्या पंचेचाळीस."