"टेक्निकल मुद्द्यावर सुटला" म्हणण्याआधी

परवा ग्रुपवर एकाने लिहिलं की अमेरिकेत लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या केसमध्येसुद्धा लोक टेक्निकल मुद्द्यावर सुटतात. मीही आधी असाच भडकलो होतो, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीचा माजी प्रेसिडेंट ग्रॅहम स्पॅनियरची बातमी आली तेव्हा.

माणसाबद्दल सहानुभूती शून्य. २००१ मध्ये जेरी सँडस्की, फुटबॉलचा माजी कोच, एका मुलाबरोबर शॉवरमध्ये दिसला ही तक्रार या साहेबांपर्यंत पोचली, आणि यांनी ना पोलिसांना कळवलं ना बालकल्याण खात्याला. वर ईमेलमध्ये लिहून ठेवलं की सँडस्कीने आपलं ऐकलं नाही तर मात्र कळवलं नाही म्हणून आपण अडचणीत येऊ. म्हणजे सगळं कळत होतं!! २०१७ ला ज्युरीने मुलांचं हित धोक्यात आणल्याच्या एका आरोपात दोषी धरलं.

आणि जेलमध्ये जायच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल २०१९ ला, फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्टाच्या मॅजिस्ट्रेट जजने ते दोषी ठरवणं रद्द केलं. का, तर मुलांना सांभाळणाऱ्या माणसाला कामावर ठेवणारा, त्याच्यावर देखरेख करणारा वरिष्ठही गुन्हेगार, हे शब्द कायद्यात आले २००७ ला आणि ज्युरीला समजावताना तोच नंतरचा कायदा लावला, घटना मात्र २००१ ची. आता सांगा, हा मुद्दा फालतू आहे का? उद्या केलेला कायदा कालच्या कृत्याला लावायचा नाही हे आपल्या घटनेच्या कलम २० मध्येही आहेच की.

ज्युरी म्हटलं की आपल्याला नानावटी आठवतो. तिथेही सेशन्स जजने ज्युरीला कायदा समजावताना गंभीर चुका केल्या असं सुप्रीम कोर्टाने १९६१ ला म्हटलंच होतं, फक्त तिथे फटका उलटा बसला, ज्युरीने सोडलेला माणूस दोषी ठरला.

स्पॅनियरचं पुढे काय झालं ते मला पटलं. डिसेंबर २०२० मध्ये वरच्या फेडरल कोर्टाने दोषी ठरवणं पुन्हा कायम केलं, कारण पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टांनी जुन्या शब्दांतही असे वरिष्ठ येतात असाच अर्थ लावला होता आणि तो काही आकाशातून पडलेला अर्थ नव्हता. फिलाडेल्फियातल्या चर्चच्या मॉन्सिन्योर (म्हणजे वरिष्ठ पाद्री) लिनच्या केसमध्ये २०१५ लाच राज्याचं सुप्रीम कोर्ट तसं बोललं होतं, तोही मुलांना स्वतः सांभाळत नव्हता, सांभाळणाऱ्या पाद्र्यांवर देखरेख करत होता.

शेवटी २०२१ मध्ये स्पॅनियर जेमतेम दोन महिने आत राहून आला. ईमेल लिहिल्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती.